मदत हवी आहे: नववीची घडी नव्याने कशी बसवावी?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. जूनपासून नववीच्या वेळापत्रकात हवे ते बदल करा म्हणून मुख्याध्यापकांनी सांगितलंय. अट एकच, जादा शिक्षक मिळणार नाही.

नववीच्या तीन तुकड्या. निम्मी मुलं वाड्यावस्त्यांवरच्या शाळांतून आठवी करून येतात. मी संच, वास्तव संख्या उरकून बहुपदीवर येतो, तेव्हा प्रत्येक तुकडीत दहाबारा जणांना अपूर्णांकांची बेरीज येत नसते (अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळे). शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीला परीक्षा आल्या, तरी जुनी थकबाकी शेवटी नववीतच निघते. त्यात पोषण आहारही आठवीपर्यंतच, म्हणजे नववीत दुपारची खिचडीसुद्धा बंद.

मग जो नापास होतो त्याच्या बापाला आम्हीच सांगतो, ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा.’ दहावीचा निकाल चांगला लागतो, गेटवर फ्लेक्स लागतो. नववीतून किती गळाले, हे कुणी विचारत नाही. मीही त्यात आहेच.

शिकागोच्या सरकारी शाळांवरचा तिथल्या विद्यापीठाचा २००५ चा अभ्यास वाचनात आला. तिथे नववी हे हायस्कूलचं पहिलं वर्ष. त्या वर्षी किती क्रेडिट (विषय पास केला की मिळणारे श्रेयांक) जमले आणि मुख्य विषयांत किती वेळा नापास झाला, एवढंच बघायचं. जे रुळावर राहिले, ते चार वर्षांत शाळा पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पटींहून जास्त निघाली. आपल्याकडे क्रेडिट नाहीत, पण हजेरीपट आणि घटक चाचण्या तर आहेत.

गेल्या वर्षी शाळेआधी जादा तास ठेवून पाहिला. गरज ज्यांना होती तीच मुलं आली नाहीत, कारण त्यांची एसटी प्रार्थनेच्या वेळी पोचते. आणि पंधरा दिवसांत त्या तासाचं नाव ‘ढ तुकडी’ पडलं. हे माझ्या लक्षात आधीच यायला हवं होतं.

म्हणून विचारतो: शाळेच्या वेळेतच, कुणाला वेगळं न काढता, हे कसं बसवायचं?

रानवारा:
सर, तिन्ही तुकड्यांचा गणिताचा तास एकाच वेळी लावा. मग आठवड्यातले दोन दिवस तुकड्या मोडून गट करता येतात. मुलं सगळीच जागा बदलतात, त्यामुळे कोण कशासाठी गेलं ते उठून दिसत नाही. गट महिन्याला बदलायचे, आणि सर्वांत अनुभवी शिक्षक अपूर्णांकांच्या गटाला. आमच्याकडे यावरच भांडण झालं, सगळ्यांना स्कॉलरशिपवाली पोरं हवी होती.

चिंचेचं_झाड:
हजेरीचं मी सांगते. सलग तीन दिवस गैरहजर असला की वर्गशिक्षकाने घरी फोन करायचा. ओरडायला नाही, विचारायला. आमच्याकडे एक मुलगा एसटीच्या पासाचे पैसे नव्हते म्हणून घरी होता. मुलींना पास फुकट असतो, मुलग्यांना पैसे पडतात, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

मूळ लेखक:
रानवारा, तास एकत्र लावण्याचं पटलं. आमचे गणिताचे शिक्षक दोनच, तिसऱ्या गटाला विज्ञानाच्या मॅडमना गळ घालतो. पण एक सांगा, अपूर्णांकांच्या गटाची घटक चाचणी वेगळी घेत होता की सगळ्यांना एकच?