'मानक', 'प्रमाण' की 'निकष'?

एका मानसशास्त्रीय चाचणीच्या अहवालाचा अनुवाद तपासत होतो. 'मुलाचे गुण मानकापेक्षा कमी आहेत' या वाक्यापाशी अडलो. मूळ शब्द होता नॉर्म. चाचण्यांच्या संदर्भात नॉर्म म्हणजे त्याच वयाच्या मोठ्या गटाने प्रत्यक्षात मिळवलेले गुण. पण 'मानक' वाचल्यावर आईवडिलांना वाटणार, कुणीतरी पातळी ठरवून दिली होती आणि आपलं मूल तिथवर पोचलं नाही. मी 'समवयस्कांच्या सरासरीपेक्षा कमी' असं केलं. वाक्य लांबलं, पण विनाकारण घाबरवत नाही.

घोळाचं मूळ हे, की 'मानक' आपण नॉर्मलाही वापरतो आणि स्टँडर्डलाही. स्टँडर्ड ठरवावं लागतं. १८८९ ते २०१९ प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल हाच किलोग्रॅम होता. त्याचं वस्तुमान किंचित बदललं असतं तरी व्याख्येनुसार तो एक किलोच! आता ती व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, बेतली आहे. इथे 'मानक' चपखल बसतो. समाजशास्त्रातला नॉर्म मात्र वागण्यातून रुळत जातो, मोडला तर भुवया उंचावतात. त्याला मला 'संकेत' जवळचा वाटतो.

गंमत म्हणजे लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन बघायचा. भूमितीत नॉर्मल म्हणजे अभिलंब, काटकोनात उभी रेषा, तो शब्द त्यातूनच आला.

'निकष' वेगळा. निकष म्हणजे सोनं घासून पाहायचा दगड, कसोटी. म्हणून निकष लावतात, निकषाला उतरतात, मानक पाळतात, प्रमाण मानतात. शब्द निवडताना मी आधी हे क्रियापद लावून बघतो. 'पात्रतेची मानके लावली' कानाला खटकतं ते याचमुळे.

सगळ्यात जास्त ओझं 'प्रमाण' वाहतो. 'साखरेचं प्रमाण' म्हणजे मात्रा, 'दोनास तीन हे प्रमाण' म्हणजे गुणोत्तर, न्यायदर्शन या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं म्हणजे ज्ञानाची साधनं. 'प्रमाण भाषा' म्हणताना या सगळ्यांची सावली पडते, आणि बोली जणू अप्रमाण, खोटी ठरते. 'मानक भाषा' म्हटल्याने ही सावली टळेल का? मला वाटतं, बरीचशी टळेल. निदान ती भाषा कुणीतरी ठरवलेली आहे, एवढं तरी त्या शब्दात दिसतं.