टाळेबंदीतला पाव, केक, नानकटाई : तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात माळ्यावरून दिवाळीचे डबे काढताना ॲल्युमिनियमचा चौकोनी ट्रे हाताला लागला. कडा काळवंडलेल्या, तळाला सुरीचे ओरखडे. २०२० सालच्या एप्रिलमध्ये या ट्रेमध्ये मी आयुष्यातला पहिला पाव भाजला. घासूनपुसून तो परत वर ठेववेना, म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही पुण्यात शनिवार पेठेत राहतो. त्या वर्षी गुढी उभारली २५ मार्चला आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी. पुढे पेठा सील झाल्या, गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे लागले, दूध-भाजीला सकाळचे दोन तास. कोपऱ्यावरची बेकरी बंद. आमचं बाकी काही अडलं नसतं, पण सासरे, म्हणजे अण्णा, तेव्हा ८२ वर्षांचे. दात नाहीत, कवळी टोचायची. चहात बुडवलेला पाव हेच त्यांचं सकाळचं खाणं. दूधपोळी दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

वाण्याकडे मैदा नव्हता, यीस्ट तर कुठेच नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे अर्धं पाकीट निघालं. त्यांनी ते टोपलीत घालून दोरीने खाली सोडलं. कोमट पाण्यात साखर घालून त्यात चमचाभर यीस्ट टाकलं आणि दहा मिनिटं ओट्यापाशी उभी राहिले. वर करडा फेस जमला तेव्हा कळलं, जिवंत आहे.

पहिला पाव दगड झाला. मी पोळ्यांसारखी घट्ट कणीक मळली होती. आपली गिरणीतली कणीक मैद्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते, घट्ट राहिली तर तिला फुगायला जागाच नसते. दुसऱ्या खेपेला पीठ सैल भिजवलं, अर्धा तास झाकून ठेवलं आणि मग मळायला घेतलं. सुरुवातीला बोटांना नुसतं चिकटत होतं, सुकं पीठ लावायचा मोह होत होता. तो आवरला. पंधराएक मिनिटांनी पीठ परातीपासून आपणहून सुटायला लागलं. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी ताणला, खिडकीकडे धरला, तर पलीकडच्या बोटाची सावली दिसली आणि पापुद्रा फाटला नाही. एप्रिलचं ऊन होतं, चाळीस मिनिटांत पीठ दुप्पट.

अण्णांनी पाव चहात बुडवला, बाहेर काढला, तो तुटला नाही. काही बोलले नाहीत. दुसरा तुकडा उचलला.

तुम्ही त्या दिवसांत काय भाजलंत, कशात आणि कोणासाठी? ओव्हन, कुकर, कढई, तवा, सगळं चालेल. फसलेलंही लिहा आणि का फसलं ते पुढे कळलं असेल तर तेही नक्की लिहा.

*

ताई, मी तेव्हा सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो. मूळ गाव हिंगोली जिल्ह्यात. ५ एप्रिलची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे गेली, मेस बंद पडली, बरीच पोरं गावी निघून गेली. आमच्या खोलीत तिघं उरलो. त्यातल्या एकाचा वाढदिवस आला आणि त्याच दिवशी सकाळी गावाकडून त्याचे आजोबा गेल्याचा फोन. जायला परवानगी नाही, गाडी नाही. दिवसभर तो गच्चीत बसून होता.

संध्याकाळी मी घरमालकीण काकूंकडे कढई मागायला गेलो. काय करतोस विचारलं त्यांनी, सांगितलं. काकूंनी कढई दिली, अर्धा लिटर दूध दिलं आणि ईनोची पुडी दिली. कढईत मीठ पसरायचं, त्यावर वाटी उपडी घालायची, झाकण ठेवून दहा मिनिटं तापू द्यायची. तोवर पार्ले-जीचा बारीक भुगा करून दुधात कालवायचा. स्टीलच्या डब्याला तूप लावून वर कणीक भुरभुरायची. ईनो अगदी शेवटी घालायचं, आणि घातलं की थांबायचं नाही, हे काकूंनी दारातून दोनदा बजावलं. चाळीस मिनिटं लागली. काडी घालून बघितली, कोरडी निघाली.

मेणबत्ती लावली नाही. त्याच्यापुढे डबा ठेवला आणि तिघांनी चमच्याने खाल्ला. अर्ध्यात त्याला रडू आलं, तेव्हा आम्हाला बरं वाटलं, कारण सकाळपासून तो रडलाच नव्हता. मी आता तलाठी आहे. काकूंना दर पाडव्याला फोन असतो.

*

वरच्या दादांच्या काकूंचं अगदी बरोबर. ईनोमध्ये खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतं, ओलं लागल्याबरोबर वायू सुटतो आणि पाचेक मिनिटांत जोर ओसरतो. नुसता सोडा असेल तर त्याला दही, ताक, व्हिनेगर असं काहीतरी आंबट लागतं, नाहीतर केक साबणासारखा लागतो. बेकिंग पावडरीत आंबट आधीच असतं. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण आम्ल आणि आम्लारी ही गोष्ट नातीला पटली ती ऑनलाइन शाळेच्या काळात, कुकरमधल्या रवा केकमुळे. एकच सांगते, कुकरमध्ये केक करताना शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा. आत पाणी नसतं, रिंग जळते.

*

गुरुवार पेठ. वय ७४. माझं जरा वेगळं आहे.

आमच्या लहानपणी दिवाळीआधी घरोघरची नानकटाई बेकरीत भाजली जायची. मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन आई मला पुढे पाठवायची, नंबर लावायला. पत्र्याच्या ट्रेवर घराची खूण म्हणून चिठ्ठी. भट्टीच्या तोंडाशी लांब दांड्याचं फावडं घेतलेला माणूस उभा असायचा आणि त्याने आपला ट्रे आत सरकवला की तो बाहेर येईपर्यंत हलायचं नाही, अशी आईची ताकीद. घरी येईपर्यंत डबा गरम असायचा. शर्टातून पोटाला चटका बसायचा.

२०२० च्या मे महिन्यात नातवाने विचारलं, आजोबा, तुम्हाला स्वयंपाकातलं काय येतं? मला काहीच येत नव्हतं. मग मी आईचे हात आठवत बसलो. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, थोडं बेसन, वेलची. आई परातीत तूप-साखर तळहाताने फेसायची, गोल गोल, एकाच दिशेने, पांढरं शुभ्र होईपर्यंत. मी आणि नातवाने आळीपाळीने फेसलं.

पहिला घाणा ट्रेवर पसरून एकाची एक चपटी पोळी झाली. मी विचार करत राहिलो, आईची कधी अशी झाली नाही. मग लक्षात आलं, आई करायची दिवाळीच्या थंडीत, आणि हा मे महिना. तूप पातळ होतं. पातळ तुपात हवा धरत नाही. दुसऱ्या दिवशी तुपाची वाटी फ्रीजमध्ये ठेवली, रवाळ थिजल्यावर फेसलं आणि वळलेले गोळेही अर्धा तास गार केले. वर चिरा पडल्या, जशा पडायला हव्यात तशा. मी एक तुकडा तोंडात घेतला आणि मला त्या बेकरीतली राख आणि वेलची यांचा एकत्र वास आला. ओव्हन विजेचा होता, राख कुठली असणार. पण आला.

बायकोला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिला हे सांगायचं राहून गेलं.

*

वानवडी. आमच्या घरी गुड फ्रायडेला क्रॉस काढलेले गोड बन लागतात. दरवर्षी कॅम्पातून यायचे. २०२० मध्ये गुड फ्रायडे १० एप्रिलला होता, चर्च बंद, उपासना मोबाइलवर. यीस्ट मिळेना म्हणून मी आठवडाभर आधी बाटलीत मूठभर काळ्या मनुका आणि पाणी घालून ठेवलं. रोज हलवायचं, झाकण क्षणभर सैल करायचं. पाचव्या दिवशी मनुका वर तरंगल्या, बुडबुडे आले, वास वाइनसारखा. त्या पाण्यात मैदा भिजवला. यीस्टने तासाभरात होणारं काम या पाण्याने आठ तास घेतलं. रात्री मळून झोपले, पहाटे उठून वळले. दालचिनी, संत्र्याची किसलेली साल, आणि वर मैद्याच्या पेस्टने क्रॉस.

खालच्या मजल्यावरच्या आपांना सहा बन दिले. २५ मे रोजी ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा आला, त्याच डब्यातून. डबा अजून असाच वर-खाली जात असतो.

*

३ जून, निसर्ग चक्रीवादळ. आम्ही धायरीला. मिसेसचा चाळिसावा वाढदिवस, मी आणि मुलीने ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, केक ठेवला आणि बाराव्या मिनिटाला वीज गेली. झाडं पडल्याचे आवाज येत होते. दार उघडावं की नाही? उघडलं असतं तर तिथल्या तिथे बसला असता. वीस मिनिटं बंद ठेवला, वीज आली नाही. मग कुकर तापवून टिन तसंच्या तसं त्यात ठेवलं. मध्यभागी खळगा राहिला, कडा छान झाल्या. खळग्यात आंब्याच्या फोडी भरल्या. वीज दुसऱ्या दिवशी आली.

*

माझी मुलगी कोविड वॉर्डात परिचारिका होती. ड्युटी संपली की घरी नाही, हॉटेलवर. जेवणाची पाकिटं मिळायची, पण रात्रपाळीत दोन-तीन वाजता भूक लागायची तिला. फ्रीजशिवाय तीन दिवस टिकेल असं काय करू, या विचारात गूळ-कणकेचा केक करायला लागले. साय साठवून लोणी काढायचे, गूळ किसायचा, दही घालायचं, सुंठ जास्त. अंडं नाही, क्रीम नाही. बटर पेपरमध्ये वड्या गुंडाळून आमचे हे स्कूटरवरून पोलिसांना पास दाखवत नेऊन द्यायचे, गेटवरच्या माणसाच्या टेबलावर ठेवून मागे सरायचे. ती चौथ्या मजल्याच्या खिडकीत यायची आणि हात हलवायची. मास्कमुळे तोंडाभोवती पडलेले वळ खालूनसुद्धा दिसायचे, असं हे म्हणत.

जूनपर्यंत अकरा वेळा केला. ती म्हणाली, आई, माझ्याबरोबरच्या चौघींनाही पुरेल एवढा पाठव. मग प्रमाण दुप्पट केलं.

*

हे सगळं वाचून मला लिहावंसं वाटलं, कारण आम्ही दुसऱ्या बाजूला होतो. आमची पुण्यात छोटी बेकरी आहे, लाकडावरची भट्टी. शटर खाली होतं त्याचं कारण लोकांना वाटायचं परवानगी नाही. खरं कारण कारागीर. आमचे सातही जण उत्तर प्रदेशातले. एप्रिलभर ते बेकरीच्या पोटमाळ्यावरच राहिले, आईने दोन वेळचं जेवण दिलं. मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुरू झाल्या तशी त्यांनी नावं नोंदवली. उस्ताद निघताना भट्टीला हात लावून गेले. बावीस वर्षं त्यांनी ती थंड पडू दिली नव्हती.

थंड भट्टी एकदम पेटवता येत नाही. विटांत ओल धरते, झटकन तापवली तर तडा जातो. वडील आणि मी तीन दिवस थोडी थोडी लाकडं घालत बसलो. चौथ्या दिवशी पहिला घाणा लावला, दहा किलो मैद्याचा, घरातल्या चौघांनी मळलेला. पाव वाकडे होते. तरी सकाळी साडेसातला संपले.

आणि यीस्टचं सांगायचं तर, आमच्याकडे ५०० ग्रॅमच्या ओल्या यीस्टच्या वड्या पडून होत्या, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडेच टिकतात. शेजारच्या सोसायटीतल्या एका ताईंनी विचारलं तेव्हा सुचलं. पन्नास पन्नास ग्रॅमचे तुकडे कापून कागदात बांधले आणि मागेल त्याला दिले. पैसे घेतले नाहीत. काहींनी दुसऱ्या दिवशी आपला पाव आणून वडिलांना दाखवला. वडील पाव हातावर तोलायचे, खालून टिचकी मारून आवाज ऐकायचे. पोकळ वाजला पाहिजे. कुणाचा वाजला की ते मोठ्याने सांगायचे, शिजला!

उस्ताद नोव्हेंबरात परत आले.

*

दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. ती खालून टिचकी मारायची रीत मला कुणी तेव्हा सांगितली असती तर माझे चार पाव आतून कच्चे राहिले नसते.

माझं थोडक्यात. सिंहगड रोडला राहते, जुलैत माझी नोकरी गेली. त्याच महिन्यात पुण्यात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली, १४ ते २३ जुलै. सोसायटीत ब्रेड देऊ लागले. अन्न परवान्याची नोंदणी छोट्या घरगुती धंद्याला तेव्हा, २०२० मध्ये, वर्षाला १०० रुपयांत व्हायची, ती आधी केली. खर्च मांडताना गॅस आणि वीज धरायला मी विसरले होते, तीन महिने हातात काहीच उरलं नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हे आधी मांडा, आणि आपल्या वेळेची मजुरीही त्यात घाला. आता दर शनिवारी वीस-बावीस ब्रेड जातात. भाडं त्यातून निघत नाही, मुलाच्या क्लासची फी निघते.

*

धागा सुरू करणारी मीच. दोघी-तिघींनी कणकेच्या पावाचं प्रमाण विचारलंय. ४०० ग्रॅम कणीक, ३०० मिली कोमट दूध-पाणी मिळून, एक चमचा ड्राय यीस्ट, दोन चमचे साखर, एक चमचा मीठ, दोन चमचे लोणी. लोणी पीठ मळून झाल्यावर शेवटी घाला. दोनदा फुगू द्या, दुसऱ्यांदा ट्रेमध्ये. २०० अंशावर वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर काढल्यावर वर लोण्याचा हात फिरवून ओल्या फडक्याने झाका, म्हणजे कवच मऊ राहतं. आमच्याकडे ते महत्त्वाचं होतं.

बेकरी उघडल्यावरही अण्णांनी बाहेरचा पाव मागितला नाही. दर तिसऱ्या दिवशी मी करत राहिले, पावणेदोन वर्षं. शेवटच्या आठवड्यात कवचही नको झालं, तेव्हा मधला मऊ भाग चिमटीने काढून दुधात भिजवून देत होते.