मदत हवी आहे: ऋण घातांक मोठ्याने कसा वाचायचा?

आठवीच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी घातांकाचा धडा रेकॉर्ड करते आहे. (इथे घातांक ^ चिन्हाने लिहिते.)

२^५ ला अडचण नाही: '२ चा पाचवा घात'. पाया २, घातांक ५, आणि ३२ हा घात. बरेच जण ५ लाच घात म्हणतात, ते मी टाळते. ८^(१/३) म्हणजे '८ चे घनमूळ', तेही ठीक.

अडते ते २^(-३) ला. 'उणे तिसरा घात' कानाला विचित्र लागतं. '२ च्या घनाचा गुणाकार व्यस्त' म्हटलं तर मी उत्तरच सांगून टाकते! सध्या '२ चा घातांक उणे ३' म्हणते, पण मग 'चा घात' आणि 'चा घातांक' यांची सरमिसळ होते.

दुसरं, (-३)^२ आणि -३^२. पहिल्याचं उत्तर ९, दुसऱ्याचं -९. 'उणे तीनचा वर्ग' दोन्हींना लागू पडतं. 'कंस सुरू, कंस पूर्ण' म्हणून पाहिलं; लांबलचक उदाहरणात मुलगा हरवतो.

ब्रेल प्रत सध्या नाही, सगळं ऐकूनच. इंग्रजी शब्द नकोत, परीक्षेत लेखनिकाला त्याने मराठीतच सांगायचं आहे.

वर्गात शिकवणाऱ्यांनो, या दोन्ही ठिकाणी तुम्ही नेमकं काय म्हणता?