नॅचरल-अडाबास शिकायचंय, ठाण्यातल्या क्लासला पैसे भरू का?

सकाळची_७_२२

नमस्कार मंडळी, थोडं लांबणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही. मी डोंबिवलीची, ऑफिस ऐरोलीला. साडेपाच वर्षं मेनफ्रेमवर, म्हणजे बँका-सरकारं वापरतात त्या मोठ्या कॉम्प्युटरवर, काम केलंय: कोबोल ही भाषा, जॉब चालवायला जेसीएल, डेटाबेस डीबी२, मध्ये दीड वर्ष ऑनलाइन स्क्रीनसाठी सीआयसीएस. मार्चमध्ये आमचा प्रोजेक्ट संपला आणि तेव्हापासून बेंचवर आहे, म्हणजे नोकरी आहे पण प्रोजेक्ट नाही. ज्यांनी बेंच काढलाय त्यांना माहितीय, रोज ठाण्याला गाडी बदलून तिकडे जायचं आणि ई-लर्निंगचे व्हिडिओ बघत बसायचं, घरी आल्यावर कोणी विचारलं आज काय केलंस तर सांगायला काही नसतं.

परवा आरएमजीमधून (कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते ठरवणारा विभाग) फोन आला की अमेरिकेतल्या एका राज्य सरकारचं पेन्शनचं काम आलंय, नॅचरल ही भाषा आणि अडाबास हा डेटाबेस यांवर, मेनफ्रेमवाले लोक हवेत पण हे येणारं कोणी मिळत नाहीये, सहा आठवड्यांनी क्लायंट स्वतः इंटरव्ह्यू घेणार, तोपर्यंत शिकणार का. मी हो म्हणून टाकलं. आता आमच्या कंपनीच्या पोर्टलवर या विषयाचा एकही कोर्स नाही. ठाणे स्टेशनजवळ एक क्लास आहे, ते म्हणतात ४० तास, शनिवार-रविवार, ३८ हजार रुपये, जॉब असिस्टन्ससकट. मुलगी तीन वर्षांची आहे, शनिवार-रविवार गेले की सगळं सासूबाईंवर पडतं, आणि ३८ हजार ही सध्या आमच्यासाठी छोटी रक्कम नाही. भरू का? आणि मुळात ४० तासांत हे येतं का?

जुना_बॅचवाला

ताई, पहिलं म्हणजे घाबरू नका. साडेपाच वर्षं कोबोल केलेल्या माणसाला नॅचरलचं सिंटॅक्स आठवड्याभरात हाताखालून जातं, ते कोबोलपेक्षा पुष्कळ आटोपशीर आहे. अडतं ते अडाबासला, कारण डोक्यात डीबी२ पक्का बसलेला असतो आणि तो थोडे दिवस बाजूला ठेवावा लागतो. मी १९९१ ला सिप्झमध्ये लागलो तेव्हा आम्हाला कोर्स वगैरे नव्हता, मॅन्युअलच्या झेरॉक्स होत्या, दोघांत एक टर्मिनल आणि शेजारी बसलेले एक सीनियर. त्या सीनियरनी मला सगळ्यात आधी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: प्रोग्राम लिहिण्याआधी डेटा कसा ठेवलाय ते बघ.

अडाबास १९७१ चा आहे, जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या कंपनीचा, डीबी२ त्याच्यानंतर बारा वर्षांनी १९८३ ला आला. त्यामुळे टेबल, नॉर्मलायझेशन (माहिती छोट्या टेबलांत वाटून ठेवणं), जॉइन (ती परत जोडणं) या चौकटीतून त्याच्याकडे बघितलं की काही कळतच नाही. तुम्ही रेशनकार्ड डोळ्यासमोर आणा. एकाच कार्डावर वर कुटुंबप्रमुख, पत्ता, आणि खाली घरातल्या सगळ्यांची यादी, नाव-वय-नातं, नाव-वय-नातं. डीबी२ मध्ये तुम्ही सदस्यांचं वेगळं टेबल केलं असतं आणि जॉइन मारला असता. अडाबासमध्ये ती यादी त्याच रेकॉर्डच्या पोटात असते, तिला पिरिऑडिक ग्रुप म्हणतात, बोलताना पीई. आणि त्याच कार्डावर तीन फोन नंबर असतील तर ते मल्टिपल व्हॅल्यू फील्ड, एमयू. साध्या फाइलमध्ये असे १९१ पर्यंत बसतात. किती भरलेत ते फील्डच्या नावाआधी सी-स्टार लावून विचारायचं. पेन्शनच्या कामात हे जागोजागी दिसेल, एका माणसाचे सगळे वारसदार, सगळ्या नोकऱ्यांचे काळ एकाच रेकॉर्डमध्ये.

दुसरं, शोधणं. प्रत्येक रेकॉर्डला अडाबास स्वतःचा एक नंबर देतं, आयएसएन. ज्या फील्डवर शोधायचं ते डिस्क्रिप्टर, आणि त्याच्या प्रत्येक व्हॅल्यूसमोर कुठकुठले आयएसएन आहेत ती यादी असोसिएटर नावाच्या वेगळ्या भागात असते. फाइंड ही शोधायची कमांड दिली की आधी त्या याद्या जुळवल्या जातात, खऱ्या डेटाला हात नंतर. हिस्टोग्राम तर डेटाला हातच लावत नाही, नुसती यादी वाचून कुठली व्हॅल्यू किती वेळा आली ते सांगतो. आणि डिस्क्रिप्टर नसलेल्या फील्डवर शोधायला गेलात तर अख्खी फाइल चाळली जाते, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या चालू सिस्टिमवर, असं केलं की डीबीएचा (डेटाबेस सांभाळणाऱ्याचा) फोन येतो.

आता एक गोष्ट जी कुठल्याही क्लासमध्ये शिकवलेली मी ऐकली नाही. फील्डला एनयू ऑप्शन असेल, म्हणजे नल सप्रेशन, तर रिकाम्या व्हॅल्यूचे रेकॉर्ड त्या यादीत जातच नाहीत. मग तुम्ही त्या डिस्क्रिप्टरने फाइल रीड केली की ते रेकॉर्ड तुम्हाला दिसणारच नाहीत, एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसता टोटल चुकतो. माझा एक पूर्ण दिवस आणि एक रात्र यात गेलीय, दोन रिपोर्टचे आकडे जुळत नव्हते आणि मी बेरीज तपासत बसलो होतो. सुपर डिस्क्रिप्टरचंही, म्हणजे अनेक फील्डचे तुकडे जोडून केलेल्या डिस्क्रिप्टरचंही, तेच, त्यातला एखादा एनयू तुकडा रिकामा असेल तर अख्खी एंट्रीच बनत नाही. म्हणून फाइल हातात आली की पहिल्यांदा एफडीटी, म्हणजे फील्डच्या व्याख्यांचा तक्ता, काढून बघायची. इंटरव्ह्यूमध्ये हे बोललात तर समोरच्याला कळेल की हिने नुसतं पाठ केलेलं नाही.

मुलुंड_पूर्व

काकांना +१. मी पैशाचं सांगतो कारण मी फसलोय. क्लासचं नाव घेत नाही आणि तुमचा तो क्लास हाच असं म्हणायचं नाहीये मला. मी २५ हजार भरले, पहिले चार शनिवार-रविवार टीएसओ म्हणजे काय, आयएसपीएफ म्हणजे काय, जेसीएलचं जॉब कार्ड, असली मेनफ्रेमची प्राथमिक ओळख, जी मला पाठ होती. नॅचरल आलं ते स्लाइडवर. मी विचारलं सर लॉगिन कधी मिळणार तर म्हणे पुढच्या आठवड्यात, असं करत करत बॅच संपली. त्यांच्या सर्व्हरवर अडाबास नव्हतंच! सरांनीही ते कधी चालवलेलं नव्हतं, बाकी मेनफ्रेम त्यांना चांगलं यायचं, माणूस म्हणूनही चांगले होते, पण हे येत नव्हतं.

तेव्हा ताई पैसे भरायच्या आधी समोर बसून सांगा की लॉगिन करा आणि एम्प्लॉइज फाइलवर एक फाइंड चालवून दाखवा. ही सँपल फाइल अडाबासबरोबरच येते, व्हेइकल्स पण येते, ती ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडे अडाबास आहे का हाच प्रश्न. आणि विचारा की आत्ता हा प्रोग्राम स्टो केला (म्हणजे सेव्ह करून कंपाइल केला) तर सोर्स कुठे गेला. कोबोलवाले आपण पीडीएसमध्ये (मेनफ्रेमवरच्या फोल्डरसारख्या फाइलमध्ये) मेंबर शोधत बसतो, मेनफ्रेमवर नॅचरलमध्ये सोर्स आणि ऑब्जेक्ट (कंपाइल झालेलं रूप) दोन्ही अडाबासच्याच सिस्टिम फाइलमध्ये लायब्ररीच्या नावाखाली बसतात. हे ज्याला सांगता येत नाही त्याला एक रुपया देऊ नका.

शिकवणारी

मी गेली अकरा वर्षं कंपन्यांमध्ये जाऊन मेनफ्रेमचं ट्रेनिंग देते, त्यात नॅचरलच्या बॅचेस कमी असतात पण असतात. ४० तास पुरतात का, तर कोबोल येणाऱ्याला पुरतात, पण त्यातले निदान २५ तास हात कीबोर्डवर पाहिजेत.

तुमच्या जागी मी आधी फुकटातलं करून बघितलं असतं. अडाबास आणि नॅचरल दोन्हीची कम्युनिटी एडिशन डॉकर इमेज, म्हणजे लॅपटॉपवर तयार चालवता येणारं पॅकेज, म्हणून मिळते, लिनक्सवरची, शिकायला पुरेशी आहे. एडिटर म्हणून नॅचरलवन, ते एक्लिप्सवर चालतं. एक फरक मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा: अक्षरांना नंबर द्यायची पद्धत तुमच्या लॅपटॉपवर आस्की आहे आणि क्लायंटच्या मेनफ्रेमवर एब्सिडिक, त्यामुळे सॉर्टचा क्रम उलटा येतो. लॅपटॉपवर आकडे आधी, मग मोठी अक्षरं, मग छोटी. मेनफ्रेमवर छोटी अक्षरं, मग मोठी, आकडे शेवटी. थ्रू लावून (इथपासून तिथपर्यंत अशी) लिहिलेली रेंज इकडे बरोबर आणि तिकडे चूक येऊ शकते.

क्रम सांगते, मी असा घेते. डिफाइन डेटा (व्हेरिएबल जाहीर करणं), व्ह्यू आणि डीडीएम (फाइलमधल्या फील्डचं वर्णन) आधी, म्हणजे दोन अक्षरी फील्डची नावं आणि तुमच्या प्रोग्राममधली लांब नावं यांचा संबंध कळतो. मग एम्प्लॉइज फाइलवर रीड, फाइंड, हिस्टोग्राम, गेट, तिघाचौघांचं उत्तर एकच येईल असे प्रोग्राम लिहायचे आणि कुठला का बरा ते बोलायचं. त्या फाइलमध्ये इन्कम हा पीई आहे आणि भाषा हा एमयू, बोनस तर पीईच्या आतला एमयू, तो छापता आला की समजायचं जमलं. त्यानंतर मॅप (स्क्रीनचा आराखडा), सबप्रोग्राम, पीडीए (त्याला द्यायच्या डेटाची यादी). आणि एक दिवस जुन्या रिपोर्टिंग मोडचे, म्हणजे नॅचरलच्या आधीच्या सैल पद्धतीचे, प्रोग्राम नुसते वाचायचे, कारण नोकरीत तुम्हाला नवीन लिहायला कमी आणि तीस वर्षांपूर्वीचं कोणाचं तरी वाचायला जास्त मिळणार आहे. हा दिवस बरेच क्लास गाळतात, मला ते पटत नाही.

घणसोलीतून

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. मेनफ्रेमच कमी होतंय आणि त्यातही तुम्ही अजून अरुंद बोळात शिरताय, साडेपाच वर्षांचा अनुभव आहे तर जावा किंवा क्लाउड शिका ना. उद्या हा क्लायंट मायग्रेट झाला, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमवर गेला, तर बाहेर नॅचरलला कोण विचारणार.

जुना_बॅचवाला

घणसोलीतून, तुमची काळजी खोटी नाही, मी पण दोनदा प्रोजेक्ट बंद होताना बघितलाय. पण नॅचरल १९७९ पासून चालू आहे आणि कंपनीने २०५० च्या पुढेही सपोर्ट देऊ असं जाहीर केलंय. आणि समजा मायग्रेट झालाच, तर मायग्रेशनला पण जुनं वाचणारा माणूस लागतोच, पीई फोडून टेबलं कशी करायची हे ज्याला पीई कळतो तोच सांगणार. जावा ताईंनी जरूर शिकावं, सहा आठवड्यांनंतर. आत्ता समोर जे काम आहे ते घरातल्या पगाराचं आहे.

सकाळची_७_२२

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. क्लासमध्ये जाऊन आले. मुलुंड_पूर्व यांनी सांगितलं तसं विचारलं, ते म्हणाले सर्व्हर मेंटेनन्सला आहे, मी म्हटलं मग झाल्यावर येते, आणि निघाले. नवऱ्याच्या लॅपटॉपवर दोन्ही इमेज टाकल्यात, मुलगी झोपली की साडेनऊ ते बारा बसते. इन्कम आणि बोनस छापून झालं!

आता अडलंय. मी सगळ्यांचा पगार वाढवायचा प्रोग्राम लिहिला, रीड लूपमध्ये अपडेट, आणि लूप संपल्यावर एकदाच एंड ट्रान्झॅक्शन (बदल पक्के करणारी कमांड), आपण कोबोलमध्ये शेवटी कमिट मारतो तसं. थोडे रेकॉर्ड होतात आणि ३१४५ एरर येऊन बंद पडतं. एकदा ३००९ पण आला, तेव्हा मी मध्येच उठून दूध गरम करायला गेले होते.

शिकवणारी

शाब्बास! या दोन एरर प्रत्येकाला भेटतात, बरं झालं घरीच भेटल्या. लूपच्या आत अपडेट किंवा डिलीट लिहिलेलं दिसलं की नॅचरल त्या लूपमधला प्रत्येक रेकॉर्ड होल्डमध्ये घालतं, म्हणजे दुसऱ्या कोणाला बदलता येऊ नये म्हणून धरून ठेवतं, तुम्ही तो अपडेट करा अथवा नका करू. होल्ड सुटतो तो एंड ट्रान्झॅक्शन किंवा बॅकआउट ट्रान्झॅक्शनलाच (हे बदल मागे घेतं). तुम्ही शेवटपर्यंत सोडतच नाही म्हणून रांग भरते आणि ३१४५. ऑनलाइनला, म्हणजे अनेक जण एकाच वेळी स्क्रीनवर काम करत असताना, मात्र हाच नंबर आला तर आधी बघा की तोच रेकॉर्ड दुसऱ्या कोणी धरून ठेवलाय का. ३००९ म्हणजे ट्रान्झॅक्शनला दिलेली वेळ संपली आणि अडाबासने तुमचं काम मागे घेतलं. लूपमध्ये काउंटर ठेवा, दर शंभर अपडेटला एंड ट्रान्झॅक्शन द्या आणि काउंटर शून्य करा. आणि ज्या डिस्क्रिप्टरने रीड करताय त्याचीच व्हॅल्यू वाढवत असाल तर तो रेकॉर्ड पुढे जाऊन परत समोर येऊ शकतो, काहींचा पगार दोनदा वाढेल. तिथे आयएसएनने वाचा.

जुना_बॅचवाला

त्यात माझी एक भर. शंभरला एंड ट्रान्झॅक्शन दिलं की नवा प्रश्न येतो: प्रोग्राम साडेतीनशेव्या रेकॉर्डवर मेला तर तीनशे होऊन गेलेत, परत पहिल्यापासून चालवायचा नाही. त्यासाठी एंड ट्रान्झॅक्शनबरोबरच शेवटचा पर्सोनेल आयडी (कर्मचाऱ्याचा नंबर) पण ठेवायचा, आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला गेट ट्रान्झॅक्शन डेटाने तो परत घ्यायचा. क्लायंट बॅचवाला असेल, म्हणजे स्क्रीनशिवाय एकगठ्ठा चालणारे प्रोग्राम वापरणारा, तर हा प्रश्न हमखास विचारतो.

सकाळची_७_२२

काका, हे आज रात्रीच करते. म्हणजे प्रोग्राम मुद्दाम मध्येच मारून बघायचा का?

जुना_बॅचवाला

हो, मारा. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मारा. मारायच्या आधी आणि परत चालवताना ईटीआयडी (ट्रान्झॅक्शन कोणाचं ते ओळखायचं नाव) तोच द्या, नाहीतर ठेवलेला आयडी सापडणार नाही. मग परत चालवून तीनशे एकपासून सुरू होतंय ना आणि तीनशेव्या माणसाचा पगार एकदाच वाढलाय ना, एवढं बघून इथे लिहा.