मदत हवी आहे: इराणवरचे 'स्नॅपबॅक' निर्बंध आणि समितीचा पेच

इराण अणुकरारावर अभ्यासमंडळात बोलायचंय, एका ठिकाणी गाडी अडली आहे.

या कराराला मान्यता देणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव 2231 (2015) चे परिच्छेद 11 आणि 12 वाचलेत. करार पाळला जात नाही अशी तक्रार गेल्यावर 30 दिवसांत निर्बंधांतली सवलत चालू ठेवणारा ठराव झाला नाही, तर इराणवरचे जुने सहा ठराव आपोआप परत; हाच 'स्नॅपबॅक'. म्हणजे व्हेटो (स्थायी सदस्याचा नकाराधिकार) उलटाच फिरवलेला: तो सवलत रोखतो, निर्बंध नाही. ज्याने सुचवलं त्याला मानलं! 2018 मध्ये करार सोडलेल्या अमेरिकेचा 2020 चा स्नॅपबॅकचा प्रयत्न का फसला, तेही कळलं.

ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने 28 ऑगस्ट 2025 ला तक्रार दिली. त्यांच्या मते सप्टेंबरअखेर निर्बंध लागू झाले. रशिया-चीनच्या मते ते बेकायदा, शिवाय 18 ऑक्टोबरला 2231 ची मुदतच संपली.

कोण बरोबर, हा वाद नकोय. बातम्यांच्या लिंकाही पुष्कळ आहेत. संयुक्त राष्ट्रांची सनद किंवा सुरक्षा परिषदेच्या आधीच्या उदाहरणावरून सांगणारं कुणी हवंय.

ठराव 1737 (त्या सहांपैकी एक) ची, निर्बंधांवर देखरेख करणारी समिती पुन्हा उभी करताना अध्यक्ष नेमायला स्थायी सदस्याने हरकत घेतली, तर तो प्रश्न सनदेच्या कलम 27(2) प्रमाणे 'कार्यपद्धतीचा' धरून नऊ मतांनी सुटतो, की तिथे व्हेटो चालतो?