क्लाउडवर न्यायचं तर आधी तुकडे करायचे का?

जुनाखांब:
मत आधीच मांडतो, मग काय ते धोपटा. जुनं एकसंध (सगळं काम एकाच प्रोग्रॅममध्ये करणारं) ॲप्लिकेशन क्लाउडवर न्यायचं ठरलं की दुसऱ्याच मीटिंगमध्ये कोणीतरी फळ्यावर चौकोन काढायला लागतो, एकेक चौकोन म्हणजे एकेक स्वतंत्र प्रोग्रॅम, अर्थात सर्व्हिस. ऑर्डरची सर्व्हिस, पेमेंटची सर्व्हिस, नोटिफिकेशनची सर्व्हिस, आणि सगळ्यांच्या खाली त्यांना चालवणारं, सांभाळणारं सॉफ्टवेअर, कुबर्नेटीस. माझं म्हणणं, ॲप आधी जसंच्या तसं हलवा, नीट चालू द्या. तुकडे नंतर, तेही गरज दिसली तरच.

२०२३ साली ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमने जाहीर लिहिलं होतं: व्हिडिओचा दर्जा तपासणारी यंत्रणा लॅम्डा आणि स्टेप फंक्शन्स या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवांवरून काढून एकाच प्रोसेसमध्ये आणली, आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त घटला. फ्रेम एस-थ्रीमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउड साठ्यात) ठेवायची आणि पुढच्या टप्प्याने पुन्हा उचलायची, ही ये-जाच महागात पडत होती.

पॉडोबा:
अर्धंच सांगितलंत. ते अख्खं प्राइम व्हिडिओ नव्हतं, तपासणीचं एक साधन होतं. आणि एकत्र केल्यावरही ते क्लाउडवरच राहिलं.

खरा आक्षेप दुसराच आहे. ‘आधी हलवू, मग बघू’ यातलं ‘मग’ उजाडतच नाही. बजेट संपतं, मॅनेजर बदलतो, आणि भाड्याच्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) तेच भिजत घोंगडं पडून राहतं. नेटफ्लिक्सने २००८ मध्ये डेटाबेस कोलमडल्यावर क्लाउडची वाट धरली आणि जानेवारी २०१६ मध्ये स्थलांतर पूर्ण केलं. इतकी वर्षं लागली, कारण त्यांनी नुसतं उचलून ठेवलं नाही, जवळपास सगळं नव्याने बांधलं.

जुनाखांब:
नेटफ्लिक्स येणार हे माहीत होतंच! अहो, त्यांच्याएवढी माणसं किती जणांकडे असतात?

रात्रपाळी:
तुम्ही दोघंही भलत्याच ठिकाणी भांडताय. यंत्रणा बिघडली की वाजणारा पेजर माझ्याकडे असतो म्हणून सांगते, रात्री झोप उडते ती एकसंध की तुकडे यामुळे नाही. ॲप मशीनवर काय काय साठवून बसलंय, यामुळे उडते.

जसंच्या तसं उचललेलं ॲप घ्या. एक मशीन आहे तोवर सगळं छान. लोड वाढला, ऑटोस्केलिंगने दुसरं उभं केलं. युजरने फोटो टाकला तो पहिल्याच्या डिस्कवर, पुढची रिक्वेस्ट गेली दुसऱ्याकडे, फोटो गायब. सेशन, म्हणजे लॉगिनची नोंद, पहिल्याच्याच मेमरीत, म्हणून बिचारा लॉगआउटही झाला. रात्री बाराचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) दोन्हीकडे चालतो, ग्राहकाला बिलाचा मेल दोनदा. पहाटे लोड उतरला की पहिलं मशीन जातं, आणि फोटोही त्याच्याबरोबर.

शिवाय कनेक्शन्स. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन्सची, त्यात तीन सुपरयुजरसाठी (ॲडमिनसाठी) राखीव. प्रत्येक मशीनचा पूल (धरून ठेवलेली कनेक्शन्स) २० चा असेल तर पाचवं उभं राहतानाच बोंब. मध्ये कनेक्शन्स वाटून देणारा पीजीबाउन्सर नसेल तर ऑटोस्केलिंग म्हणजे स्वतःच्याच डेटाबेसवर हल्ला.

फाइल्स ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (मशीनबाहेरच्या सामायिक साठ्यात), सेशन रेडिसमध्ये (सगळ्या मशीन्सना वाचता येणाऱ्या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये), क्रॉन एकाच ठिकाणाहून, पासवर्ड कोडच्या बाहेर. ॲप होस्ट करणाऱ्या हेरोकू कंपनीच्या मंडळींनी २०११ च्या सुमाराला ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ या नियमावलीत यातलं बरंच लिहून ठेवलंय. एवढं केलं की एकसंध ॲपही सुखाने स्केल होतं.

पॉडोबा:
ताई, शंभर टक्के सहमत. पण मग ते ‘जसंच्या तसं’ कुठे राहिलं? धागाकर्त्यांनी नोंद घ्यावी.

आणि स्केलिंग हा माझा मुद्दाच नव्हता. बिलाच्या साच्यातला एक शब्द बदलायला अख्खं ॲप तपासून रिलीज करावं लागतं, तीन टीम एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात, त्याचं काय? सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने २००४ मध्ये सुचवलेला ‘स्ट्रँगलर फिग’चा मार्ग आहेच: पुढे एक राउटर ठेवा, एकेक पत्ता नव्या सर्व्हिसकडे वळवत जा, जुनं आपोआप आटत जातं.

जुनाखांब:
आटत जातं म्हणे! निम्म्यावर थांबलं की दोन्ही सांभाळा.

बरं, ट्रान्झॅक्शनचं बोला. आज ऑर्डर टाकणं आणि स्टॉक कमी करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. बिनसलं तर रोलबॅक, म्हणजे सगळंच मागे, विषय संपला. दोन सर्व्हिस, दोन डेटाबेस केले की तेच काम सागा (टप्प्याटप्प्याने काम, बिनसलं तर उलटे टप्पे), रिट्राय आणि ‘आयडेम्पोटन्सी की’ (तीच विनंती दोनदा आली तरी काम एकदाच व्हावं म्हणून लावलेली खूण) यांच्या भरवशावर. वर गणितही बघा. ९९.९ टक्के चालणारी एक सर्व्हिस वर्षाला पावणेनऊ तास बंद. अशा पाच, एकीवर एक अवलंबून, म्हणजे ९९.५. सुमारे ४४ तास.

बिलबघ्या:
क्लाउडवर जायचंच का, हे कोणीच विचारत नाहीये. बेसकॅम्पवाल्या ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचा निर्णय जाहीर केला तो खर्च बघूनच. लोड वर्षभर सपाट असेल तर लवचीकतेचे पैसे कशाला मोजायचे?

रात्रपाळी:
सपाट असेल तर. महिनाअखेरीस आमचा आलेख बघायला या एकदा.

पॉडोबा:
जुनाखांब साहेब, ऑर्डर आणि स्टॉक वेगळे करा असं मी म्हणालोच नाही. ते एकत्रच राहू द्या. पीडीएफ रिपोर्ट बाहेर काढा. मेमरी तो खातो आणि महिनाअखेरीस बाकीच्यांना घेऊन बुडतो.

जुनाखांब:
पीडीएफ काढा, हरकत नाही. पण त्याला स्वतःचा डेटाबेस नको.

पॉडोबा:
मग तो तुमचीच टेबलं वाचणार? उद्या तुम्ही कॉलमचं नाव बदललंत की रिपोर्ट पडले.

जुनाखांब:
एक व्ह्यू (टेबलांवर बेतलेलं आभासी टेबल) देतो, फक्त वाचण्यापुरता.

पॉडोबा:
चालेल. पण तो व्ह्यू कोणाच्या रिपोमध्ये (कोडच्या साठ्यात) राहणार?

रात्रपाळी:
आणि फुटला की पेजर कोणाचा वाजणार, तेही आत्ताच लिहा.