मदत हवी आहे: वैद्यदेवाचं रोमन ब्राँझ नाणं, ओळख आणि हिरवी भुकटी

प्रश्न
व्यास 27 मिमी, वजन 11.8 ग्रॅम. पुढे दाढीवाला सम्राट, डोक्यावर पानांचा मुकुट. मागे उघड्या छातीचा दाढीवाला पुरुष, हात काठीवर, काठीला एक साप. कडेला आय-सी-टी-पी-ओ-एन अक्षरं दिसतात, पण लॅटिनमध्ये अर्थ लागत नाही. दोन ठिकाणी फिकट हिरवी भुकटी आहे. चिंचेने घासून काढू का?

प्रतिसाद १
अक्षरं ग्रीक आहेत, म्हणून लॅटिनमध्ये अडलं. सीसारखं दिसतं ते 'स', पीसारखं दिसतं ते 'र'. वाचा: इस्त्रोन. इस्त्रोस म्हणजे डॅन्यूब नदी. म्हणून नाणं 'इस्त्रोसजवळच्या' निकोपोलिसचं, आजच्या उत्तर बल्गेरियातलं, रोमन सम्राट त्राजानने वसवलेलं शहर. देव अस्क्लेपिओस: काठी एक, साप एक. दोन साप आणि पंख असते तर ती देवांचा दूत मर्क्युरी याची काठी. वाटीतून सापाला भरवणारी स्त्री असती तर आरोग्यदेवी हिगिया.

सम्राट ठरवायला मागच्या बाजूला राज्यपालाचं नाव शोधा. दिवा एका बाजूला अगदी खाली धरा, नाणं सावकाश फिरवा. झिजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात.

प्रतिसाद २
चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर तर नकोच. नक्षीचे बारकावे त्या काळपट हिरव्या थरातच असतात. आम्लाने थर गेला की तेही गेले.

भुकटीला लाकडी टूथपिकने टोचून पाहा. कडक आणि गुळगुळीत लागली तर तो जुना थर आहे, राहू द्या. पिठासारखी सुटली तर आतलं क्युप्रस क्लोराइड (तांब्याचा क्षार) जागं झालंय. दमट हवेत त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं, ते पुन्हा तांबं खातं, म्हणून नुसतं पुसून भागत नाही.

भिंगाखाली भुकटी कोरून काढा. मग नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, नळाच्या पाण्यात नाही, त्यातही क्लोराइड असतं. पहिला आठवडा रोज पाणी बदला, पुढे आठवड्याला एकदा, काही आठवडे. शेवटी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून वाळवा. खिडकी उघडी, जवळ आग नको. ठेवायला हवाबंद डबी आणि सिलिका जेल, आर्द्रता 40 टक्क्यांखाली. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात जेल वेळोवेळी तापवून सुकवावंच लागतं. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यातून नाण्यावर चिकट हिरवा लेप येतो.

प्रश्नकर्ता
भुकटी पिठासारखीच सुटली, नाणं पाण्यात ठेवलंय. मागे उलटा व्ही, ओ, एन, मग डोक्यावर उभा केलेला एल दिसतोय.

प्रतिसाद १
उलटा व्ही म्हणजे ग्रीक 'ल', डोक्यावरचा एल म्हणजे 'ग'. लोंग... म्हणजे राज्यपाल स्टाटियुस लोंगिनुस. मग पुढचा चेहरा त्याच्या वेळच्या सम्राटाचा, माक्रिनुसचा, काळ 217-218. राज्यपालाचं नाव नोवियुस रूफुस वाचलं असतं तर सम्राट एलागाबालुस, पण तो बिनदाढीचा पोरगा असतो. पाण्यातून काढलंत की दोन्ही बाजूंचे फोटो टाका, पुढच्या बाजूचं नावही जुळवून घेऊ.